लाइन तुटली तर लावायची कोणी

११ जानेवारी

टकळे,

मी तुला पत्र लिहायला बसले आहे, यावरून मी किती चिडले असेन ते ओळख. तीन महिने मी फोन लावते, तू कापतेस, आणि दोन मिनिटांनी तुझा मेसेज येतो, 'अक्का, पत्र लिही ना, पत्राची मजा वेगळी.' मजा कसली? ऑक्टोबरात मी दवाखान्याच्या जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली, आणि माझ्या पाठच्या बहिणीने विचारपूस केली ती मेसेजवर. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून जगाशी बोललेली बाई तू. माझ्याशीच तोंड शिवून बसलीस. तुझ्या घराच्या विक्रीवरून मागे मी काहीबाही बोलले, ते मनात धरलं असशील तर सरळ लिही. भांडून मोकळ्या होऊ.

आता कामाचं. रविवारी चिरंजीव आले होते. तुझा भाचा मोठ्या हॉस्पिटलात सर्जन झाल्यापासून घरातही उभ्यानेच बोलतो, राउंडवर आल्यासारखा. म्हणाला, "आई, अडतीस वर्षं झाली. आता दवाखाना बंद कर." दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, बेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. त्याच्या मते विषय तिथेच संपला. मी म्हटलं, माझा खुबा मोडलाय, डोकं नाही. मी इथे घरी बसून पडद्यावर पेशंट बघेन. तर तो हसला. विद्यार्थ्यांना हसतो तसं. "पडद्यावर माणूस तपासता येत नाही, आई."

त्या हसण्याने माझं ठरलं. नुसतं बोलला असता तर कदाचित मी ऐकलंही असतं.

बेत असा आहे. मी घरातल्या पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसणार. आमच्या नर्सबाई वर दवाखान्यात, बीपीचं मशीन, थर्मामीटर, वजनकाटा घेऊन. ज्यांना जिना चढवतो ते तिच्याकडे जातील आणि मला तिथल्या पडद्यावर दिसतील. बाकीचे आपापल्या घरून व्हिडिओ कॉल करतील. यंत्राचं सगळं नर्सबाई शिकते आहे. मला अडचण वेगळीच आहे. हात लावल्याशिवाय मला काही कळत नाही. तू उभा जन्म न दिसणाऱ्या माणसांशी बोललीस. कसं जमवायचं ते लिही.

मी बरी आहे. वॉकर घेऊन रोज फाटकापर्यंत जाऊन येते.

तुझी अक्का


१९ जानेवारी

अक्का,

नमस्कार. उभ्यानेच करते आहे, माझी पाठ धरली आहे.

मनात काही धरलेलं नाही. घराबद्दल तू बोललीस ते बरोबरच होतं, फक्त चार घरांना ऐकू जाईल असं बोललीस. फोनचं म्हणशील तर इथे रेंजचं काही खरं नाही आणि हा नवा फोन कानाला नीट बसत नाही. शिवाय दिवसभर बोलून बोलून कंटाळा आलाय असं समज. निवृत्त माणसाला गप्प बसायचा हक्क असतो.

आता तुझ्या दवाखान्याचं. आम्ही एक्स्चेंजमध्ये शिकलो ते सांगते, पटेल तेवढं घे.

माणूस लाइनवर आला की पहिलं अर्धं मिनिट कामाचं काही बोलत नाही. ते अर्धं मिनिट त्याला दे. 'काय होतंय' असं विचारत अंगावर जाऊ नकोस, तुझी ती सवय आहे. दवाखान्यात चालतं, कारण तिथे तो आधी तासभर बाकावर बसून तयार झालेला असतो. घरून बोलणारा आत्ताच भांडी टाकून आलेला असतो.

दुसरं. तुझ्या खोलीत कोण आहे ते आधी सांग, आणि त्याच्या खोलीत कोण आहे ते विचार. कॅमेऱ्यात दिसतं तेवढीच खोली नसते. बाजूला कोणी उभं असलं की माणूस बोलायच्या आधी श्वास अडवतो. तो मला एकतीस वर्षं ऐकू आला. नवरा शेजारी असलेली बाई आणि एकटी बाई, एकच वाक्य दोन तऱ्हांनी बोलतात. अशा वेळी नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून उत्तर देता येईल असं विचारायचं. तिला बोलावं लागत नाही आणि तुला कळतं.

तिसरं आणि सगळ्यात मोठं. लाइन तुटली तर लावायची कोणी, हे पहिल्याच मिनिटाला ठरव. नाही ठरवलं तर दोघंही एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही एंगेज लागतं. माणसाला वाटतं, तिने मुद्दाम ठेवला. तेव्हा प्रत्येकाला आधीच सांग, तुटली तर मी लावेन, तुम्ही फक्त थांबा. हे एवढं ऐकलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो. मी कितीदा पाहिलंय. म्हणजे ऐकलंय.

फाटकापर्यंत जातेस हे वाचून बरं वाटलं.

टकळी


२ फेब्रुवारी

टकळे,

तुझं पत्र नर्सबाईने दोनदा वाचलं आणि 'तुटली तर डॉक्टर लावतील' ही ओळ मोठ्या अक्षरांत छापून घेतली. पेशंटना द्यायच्या कागदावर तीच सगळ्यात वर आहे.

तयारी बरीच झाली. पहिल्या दिवशी मी खिडकीकडे पाठ करून बसले होते. नर्सबाई वरून म्हणाली, "बाई, तुमची नुसती सावली दिसतेय. बातम्यांत तोंड लपवून बोलणारे साक्षीदार असतात ना, तशी." मग टेबल फिरवलं. लॅपटॉप फार खाली यायचा, म्हणजे माझी नजर खाली, पेशंटला वाटणार मी झोपलेय. आता तो तीन जाड्या वैद्यकीय पुस्तकांवर ठेवला आहे. इतक्या वर्षांत त्या पुस्तकांचा एवढा उपयोग प्रथमच होतोय.

पडद्यावर काय बघायचं नाही त्याचीही यादी केली. छातीत दुखणं, धाप, पोटात एकाएकी उठलेली कळ, तान्ह्या बाळाचा ताप, डोळ्याला मार, तोंड वाकडं होणं. यांनी माझ्याशी गप्पा मारायच्या नाहीत, सरळ हॉस्पिटल. प्रत्येकाच्या कार्डावर नर्सबाईने लिहून ठेवलंय, घरातलं कोण घेऊन जाईल आणि कशातून.

हे करताना ती एक बोलून गेली, ते मला लागलं. कार्डं चाळताना मी म्हणत होते, हे बरे झाले वाटतं, चार वर्षं आलेच नाहीत. याही बऱ्या झाल्या. ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, हे बरे होऊन यायचे थांबले नाहीत. मी वरच्या खिडकीतून बघायचे. पहिल्या मजल्यावर कठड्याला टेकायचे, वर बघायचे, आणि मागे फिरायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही टकटक चढून यायच्या."

अडतीस वर्षं मी समजत होते की माझं औषध लागू पडतंय.

म्हणून चिरंजीवांनी काल नवा प्रस्ताव आणला तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. त्यांच्या हॉस्पिटलचं स्वतःचं ॲप आहे. माझी सगळी कार्डं त्यांना द्यायची, पेशंट त्यांचे होणार, पडद्यावर माझं नाव झळकणार. माणशी आठ मिनिटं. मी विचारलं, नवव्या मिनिटाला काय होतं? म्हणाला, "कॉल आपोआप बंद होतो." मी म्हटलं, माझे पेशंट नवव्या मिनिटालाच खरं सांगतात. आणि कार्डं माझी नाहीत, ज्यांची त्यांची आहेत. देऊ का ते एकेकाला विचारेन. तो म्हणाला, एकोणीसशे लोकांना विचारणार? म्हटलं, मला कुठे जायचंय.

आता तुझ्याकडे काम. नर्सबाईची आई, तिची शेजारीण, कोपऱ्यावरचे चष्मेवाले, सगळ्यांनी खोटे पेशंट होऊन तालीम दिली. सगळे फार शहाण्यासारखे वागले. मला एक आडमुठा पेशंट हवा आहे. तू. दहा तारखेला, सकाळी अकरा वाजता. एखादा खोटा आजार घेऊन ये. मला ओळखता येतो का बघू. लिंक नर्सबाई पाठवेल. रेंजचं कारण सांगू नकोस, तुझ्या इमारतीत वायफाय आहे हे मला तूच सांगितलंयस.

अक्का


७ फेब्रुवारी

अक्का,

येईन. तू ठरवल्यावर कोणाची सुटका झाली आहे? पण हा लॅपटॉप जुना आहे, सगळं चालेलच याची हमी देत नाही. आजार म्हणून गुडघेदुखी आणते. तिला काही तपासावं लागत नाही.

टकळी


११ फेब्रुवारी

टकळे,

काल तू पडद्यावर आलीस. वर्षभराने तुला पाहिलं. गळ्याला रुमाल होता. तू हात हलवलास, हसलीस, आणि टाइप केलंस, 'माझा माइक बिघडलाय वाटतं.' मग अकरा मिनिटं तू गुडघ्याबद्दल टाइप करत होतीस आणि नर्सबाई वरून सांगत होती, कोणतं बटण दाबा.

कॉल संपल्यावर ती मला म्हणाली, "बाई, त्यांचा माइक चालू होता. मागचा पंखा ऐकू येत होता."

मलाही येत होता. बोटांची टकटकही. आणि एकदा तू खोकलीस. तो खोकला मी ओळखते, टकळे. तेवढ्या वेळात तू तीनदा पाणी प्यायलीस आणि प्रत्येक घोटाला डावा हात गळ्यापाशी गेला. गुडघ्याकडे एकदाही नाही.

तू सांगितलेली गोष्ट मी करून बघते. 'हो' किंवा 'नाही' लिही.

आवाज बसलाय? तीन आठवड्यांहून जास्त झाले? गिळताना टोचतं? कोणाला दाखवलं आहेस?

मी वेड्यासारखी समजत होते की तू रुसली आहेस. आता ऐक. या आठवड्यात घशाच्या डॉक्टरकडे जायचं. आत दुर्बीण घालून स्वरयंत्र बघतात, दहा मिनिटांचं काम आहे. शेक, गुळण्या, हळद, काही करत बसू नकोस.

अक्का


१५ फेब्रुवारी

अक्का,

हो. हो. हो. नाही.

ऑगस्टपासून आहे. आधी सर्दी वाटली. मग एक दिवस वाणसामानासाठी दुकानात फोन केला तर तो म्हणाला, "हो साहेब, पाठवतो." मी फोन ठेवला आणि त्यानंतर उचलला नाही. तुझाही. तू एक 'हॅलो' ऐकून पकडलं असतंस. म्हणून पत्रांची मजा.

पण मी जाणार नाही. तू डॉक्टर आहेस, मोठी आहेस, तरी नाही. लोक माझ्याशी दोन शब्द जास्त बोलता यावेत म्हणून लाइन धरून बसायचे, अक्का. ट्रंक कॉल न लागताही 'बाई, तुम्ही छान सांगितलंत' म्हणून ठेवायचे. माझ्याकडे दिसायला काही नव्हतं, शिक्षण तुझ्या निम्मं, लग्न झालं ते टिकलं नाही. आवाज तेवढा माझा होता. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ गळ्याला भोक घेऊन हिंडतात आणि बोलताना त्यावर बोट ठेवतात. माझा आवाज आपणहून गेला तर मी त्याला जाऊ देईन. पण कोणी नेलेला मला चालणार नाही. मला हुकूम सोडू नकोस.

आणि हुकूम कोण सोडतंय? पडद्यावर मलाही दिसत होतं. तुझ्या पाठीमागे वॉकर होता. त्यावर एक टॉवेल आणि दोन उशांचे अभ्रे वाळत होते. चांगले कडक वाळलेले. रोज फाटकापर्यंत जाणाऱ्या बाईच्या वॉकरवर अभ्रे कधी वाळतात? अकरा मिनिटांत तू एकदाही उठली नाहीस, पेन खाली पडलं तेही उचललं नाहीस. जी स्वतः खुर्चीला चिकटून बसलीये तिने मला दवाखान्याचा रस्ता दाखवू नये.

टकळी


२० फेब्रुवारी

टकळे,

पकडलंस.

फाटकापर्यंत मी एकदाही गेलेली नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत, आणि पलंगापासून या खुर्चीपर्यंत, तेही भिंत धरून. व्यायाम घ्यायला बाई येतात, त्यांना मी 'सकाळीच केला' म्हणून परत पाठवते. चिरंजीवांना यातलं काही माहीत नाही. मी पडले तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. पाय उचलला की तो कानात येतो. हजार पेशंटना मी 'उठा, चाला, काही होत नाही' म्हणून दटावलंय. आता कळतंय की ते माझ्याकडे असे का बघायचे. आणि खरं सांगू? पडद्यावरच्या दवाखान्याचा मला एवढा हुरूप आला त्यात थोडा हाही भाग होता. तिथे बसून सगळं करता येतं.

तेव्हा हुकूम नाही. सौदा. तू दुर्बिणीची तपासणी कर. त्याच दिवशी मी फाटकाकडे निघेन, कॅमेरा लावून, म्हणजे तुला फसवलं असं व्हायला नको. तू आधी की मी आधी, यावर घासाघीस नको. एकाच दिवशी.

एक मात्र डॉक्टर म्हणून सांगते आणि गोड करून सांगत नाही. सहा महिने बसलेला आवाज मला आवडलेला नाही. मला धास्ती वाटते आहे. पण तू ज्या भोकाला भितेस ते उशिरा आलेल्यांच्या वाट्याला येतं. आवाज कोणी नेऊ नये असं तुला वाटतं, आणि घरी बसून तूच तो घालवते आहेस.

रागाव हवं तर. पण तारीख कळव.

अक्का


१४ मार्च

अक्का,

तारीख कळवली तेव्हा मेसेजच केला होता. पत्र लिहायला आज हात धजला.

डॉक्टर म्हणजे अगदी तरुण मुलगी निघाली. मी घरून चिठ्ठी लिहून नेली होती, कधीपासून, काय काय, सगळं मुद्देसूद. तिने ती घेतली आणि न वाचता उलटी ठेवली. म्हणाली, "तुम्ही बोला. मला आवाजच ऐकायचाय." मी आधी पाणी प्यायले. तिने घाई केली नाही. मग मी बोलले. सात महिन्यांत पहिल्यांदा कोणापुढे तरी पाच-सहा वाक्यं सलग बोलले. ती ऐकत होती, म्हणजे खरंच ऐकत होती, मला ते कळतं.

उजव्या स्वररज्जूवर गाठ आहे. लहान. तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचं उत्तर काल आलं. कॅन्सर आहे. शब्द लिहून टाकला, आता त्याच्याभोवती घुटमळायला नको. सुरुवातीचा आहे, गळ्यात गाठी नाहीत. कापायचं नाही, भोक नाही. किरणं द्यायची, तीस वेळा, सोमवार ते शुक्रवार. मी विचारलं, आवाज परत येईल? म्हणाली, "पूर्वीसारखा नाही. घोगरा राहील. पण तुमचाच राहील."

मी तिला म्हटलं, मग चला, कधी सुरू करताय. तिला वाटलं मी रडेन. मी घरी येऊन रडले, तो माझा प्रश्न.

आणि तुझं चालणं बघितलं. नऊ पावलं. नर्सबाई मागे खुर्ची घेऊन, तू तिला 'ती खुर्ची बाजूला ठेव, मला अपशकुन करू नकोस' म्हणून ओरडतेस, आणि कुंडीपाशी येऊन मागे वळलीस. मी इथून 'अजून चार' म्हणाले. तू थांबून पडद्याकडे पाहिलंस. माझा हा बसलेला आवाज तू तेव्हा पहिल्यांदा ऐकलास. त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस आणि चार पावलं टाकलीस. ते मला फार बरं वाटलं.

टकळी


९ एप्रिल

टकळे,

तुझी अर्धी किरणं झाली असतील. घसा आतून सोलवटला असेल, गिळवत नसेल. बोलू नकोस, लिहू नकोस, पातळ आणि गार घे, आणि हे वाच.

दवाखाना उघडला. परवा, सकाळी दहाला. चिरंजीव सुट्टी काढून आले होते. मदतीला म्हणाले. मला माहीत होतं कशाला आले ते. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले, हाताची घडी घालून.

पहिल्या पेशंट शिलाईकाम करणाऱ्या बाई. तू शिकवलेलं अर्धं मिनिट दिलं, लाइन तुटली तर मी लावेन सांगितलं, आणि मग म्हटलं, "माझ्या खोलीत माझा मुलगा बसला आहे. तो डॉक्टर आहे. चालेल का तुम्हाला?" बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "नको."

मी चिरंजीवांकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई, मी सर्जन आहे." मी म्हटलं, ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या. तो उठला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. दार मी लावायला सांगितलं. त्या बाईंनी जे सांगितलं ते तुलाही सांगणार नाही, पण दवाखान्याच्या बाकावर त्यांनी ते बारा वर्षं सांगितलं नव्हतं.

दुसरे एक निवृत्त बसचालक. चार वर्षं न आलेल्यांपैकी. ते म्हणाले, बसू दे डॉक्टरसाहेबांना, दोन डॉक्टर फुकट. लाइन दोनदा तुटली, मी दोनदा लावली. मी त्यांना म्हटलं, नडगीवर अंगठा दाबून धरा, पाच आकडे मोजा, सोडा, आणि कॅमेऱ्याला पाय दाखवा. खड्डा तसाच राहिला. आणि ते वाक्य पुरं करू शकत नव्हते, मध्येच श्वास घेत होते. मी म्हटलं, काका, आपलं बोलणं इथेच थांबवायचं, तुम्हाला आत्ता हॉस्पिटलात जायचंय. तर म्हणाले, मुलगा संध्याकाळी येईल, तेव्हा जाईन. मी नाही म्हणायच्या आत चिरंजीवांनी गाडीची किल्ली उचलली होती. पत्ता नर्सबाईने कार्डावरून वाचून दाखवला. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. चार वर्षं, टकळे, दोन गल्ल्या.

चार वाजता तो परत आला. म्हणाला, "हृदय थकलंय, पाणी भरलं होतं. वेळेवर आले." बसला. खाली बसला, उभा राहिला नाही. पडद्यावर तपासता येतं की नाही यावर काही बोलला नाही आणि मीही त्याला बोलतं केलं नाही. कार्डांचा विषय मात्र मीच काढला. नर्सबाईने आतापर्यंत चारशे जणांना विचारलंय, सव्वीस 'द्या' म्हणाले. त्या सव्वीस जणांची कार्डं आम्ही बांधून ठेवली आहेत. बाकीची ज्याच्या त्याच्या होकाराशिवाय देणार नाही, असं मी त्यांच्या हॉस्पिटलला लेखी कळवलं. दोन ओळींत.

पण एक घोटाळा आहे. म्हातारी माणसं लिंक उघडताना गडबडतात. अर्धी वेळ 'ऐकू येतंय का'मध्ये जाते आणि काही जण घाबरून बंदच करतात. आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून, तालीम घेऊन, धीर देणारं कोणी हवं. नर्सबाईला दोन हात आहेत, दोन्ही गुंतलेत. मला अशी बाई हवी आहे जिला न दिसणाऱ्या माणसाचा हात धरता येतो. बरी झालीस की. तुझ्या डॉक्टरणीला विचारून. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही.

मी आता फाटकाबाहेर जाते. दवाखान्याच्या जिन्याच्या अकरा पायऱ्या चढले आणि उतरले. उतरताना कानातला तो आवाज आला. मी चालतच राहिले.

अक्का


२८ मे

अक्का,

किरणं संपून महिना झाला. परवा दुर्बिणीतून पाहिलं, जागा स्वच्छ दिसते. दर दोन-तीन महिन्यांनी बघत राहायचं. भीती गेलेली नाही. ती येते, शेजारी बसते, मी कामाला लागते.

कामाचं विचारलं तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, कुजबुजू नका, ओरडू नका, थोडं थोडं बोला, पाणी प्या. दिवसाला सहा फोन ठरवून दिले. शेजारीण मात्र ऐकून म्हणाली, "अहो, असल्या आवाजात कशाला फोन करता, लोक दचकतील." मी तिला म्हटलं, दचकू देत. पेशंट आहेत, जागे तरी होतील.

सोमवारपासून सुरू केलं. पहिला फोन लावायला मला पाऊण तास लागला. आकडा लावायचा आणि खोडायचा. सहापैकी दोघांनी राँग नंबर म्हणून ठेवला. मी परत लावला. एका आजींना त्यांचा फोन उलटा धरलाय हे सांगायला दहा मिनिटं गेली, मग आम्ही दोघी हसलो, आणि माझं हसू भांड्याच्या तळाला घासल्यासारखं निघालं, तर त्या म्हणाल्या, "तुम्हालाही बरं नाही का हो?" मी सांगून टाकलं. काय झालं होतं, कुठे, किती किरणं. पलीकडे श्वास अडला. मग त्या म्हणाल्या, त्यांच्याही छातीत गाठ लागते आहे, पाच महिने झाले, सुनेला सांगितलेलं नाही. अक्का, हे मेसेजनेही कळवतेय, उद्या दहा वाजता त्या पडद्यावर येतील. त्यांचं आधी ऐक, आणि त्यांना नर्सबाईकडे तपासायला येता येईल अशी काही सोय बघ. जिना चढवत नसेल तर खुर्चीवरून उचलून न्यायला माणसं बघ. मी त्यांना तुझ्या वतीने शब्द दिला आहे, तुला विचारलेलं नाही.

शेवटचा फोन एका रिटायर्ड मास्तरांना. मी दवाखान्याचं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, "डॉक्टरबाईंकडे पुरुष कधीपासून ठेवला?"

गेल्या वर्षी मी इथेच फोन ठेवला असता.

म्हटलं, "बाईच बोलतेय, मास्तर."

ते गडबडले. माफी मागायला लागले, घसा बसलाय का, काढा घ्या, असं काय काय. मी त्यांना पुरतं बोलू दिलं. अर्धं मिनिट.

मग विचारलं, "माझं बोलणं स्पष्ट ऐकू येतंय ना?"

"हो हो, एकेक शब्द येतोय."

"झालं तर. आता हिरवं बटण दाबा."

टकळी